सुंदर रस्ता कुणासाठी बंद असतो? न्यूयॉर्कचा पार्कवे आणि तलासरीची झरी



रस्त्याचा विषय निघाला की आपल्या चळवळीत साधारण दोनच गोष्टी बोलल्या जातात. पहिली पेशवाईची: गळ्यात मडके, कमरेला झाडू. दुसरी आजची: गावात रस्ता झाला, पण वस्तीपर्यंत आला नाही. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही बोलल्याच पाहिजेत. पण एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो आपण फारसा विचारत नाही. रस्ता गुळगुळीत आहे, सुंदर आहे, दोन्ही बाजूंना झाडे आहेत, कुठेही 'अमक्याला प्रवेश नाही' अशी जातीची पाटी नाही. तरीही तो काही माणसांसाठी बंद असतो. हे कसे घडते? असा रस्ता कोण आखतो, आणि आखतानाच माणसे बाहेर कशी ठेवली जातात?

या प्रश्नाचा इतिहास समजून घ्यायचा तर थेट न्यूयॉर्कला जावे लागते. कारण 'निसर्गरम्य रस्ता' ही कल्पना मोटारींच्या काळात तिथे आकाराला आली. आणि तो रस्ता बांधला जात होता तेव्हा आपले बाबासाहेब त्याच शहरात शिकत होते.

एक नदी, एक रस्ता

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला वेस्टचेस्टर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. या काउंटीतून ब्रॉन्क्स नदी खाली शहरात येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नदीचा नाला झाला होता. कारखान्यांची घाण, गावांचे सांडपाणी, काठावर कचऱ्याचे ढीग. १९०७ साली कायदा करून ब्रॉन्क्स पार्कवे कमिशन नेमण्यात आले. नदी स्वच्छ करायची, काठावरची जमीन ताब्यात घेऊन तिचे लांबलचक उद्यान करायचे आणि त्या उद्यानातून मोटारींसाठी रस्ता काढायचा, असे काम या कमिशनला दिले होते. मधल्या महायुद्धाने काम लांबले. सुमारे २४ किलोमीटरचा हा ब्रॉन्क्स रिव्हर पार्कवे १९२५ च्या नोव्हेंबरात पूर्ण खुला झाला.

'पार्कवे' हा शब्द त्याआधीचा. सेंट्रल पार्कचे रचनाकार ऑल्मस्टेड आणि वॉक्स यांनी तो एकोणिसाव्या शतकात घोडागाड्यांच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांसाठी वापरला. मोटारींसाठी तो शब्द नव्या अर्थाने उभा राहिला तो ब्रॉन्क्सच्या काठावर.

त्याची रचना नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा रचनेतच आहे. रस्ता सरळ रेषेत नेला नाही. नदीच्या वळणाबरोबर, जमिनीच्या चढउताराबरोबर वळवला. आडव्या येणाऱ्या बऱ्याच रस्त्यांना दगडी कमानींच्या पुलांवरून नेले, म्हणजे मोटारीला थांबावे लागू नये. काठावर हजारो झाडे लावली. जाहिरातींचे फलक काढून टाकले. आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट: रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन उद्यानाची, म्हणून लगतच्या कुणाच्याही घराचे, दुकानाचे, शेताचे दार या रस्त्यावर उघडणार नाही. रस्त्यावर येण्याच्या जागा कमिशन ठरवणार. मालवाहू आणि व्यावसायिक गाड्यांना बंदी. फक्त खासगी मोटारी. आज आपण ज्याला 'प्रवेश नियंत्रित' महामार्ग म्हणतो, त्याचे हे एक सुरुवातीचे आणि देखणे रूप आहे.

कमिशनने आपल्या अहवालांत आधीचे आणि नंतरचे फोटो छापले. आधी पडकी घरे, शेड, कचरा. नंतर गवत, पाणी, वळणदार रस्ता. जागा मोकळी करताना शेकडो इमारती पाडल्या, आणि त्यांत गरीब स्थलांतरितांची घरेही होती. फोटोत ती घरे कचऱ्याच्याच रांगेत दिसतात. माणसांची वस्ती ही घाणीचा भाग म्हणून मोजली की ती हटवणे 'स्वच्छता' ठरते. हे वाक्य वाचताना मुंबईतल्या किती वस्त्या डोळ्यांसमोर येतात, ते ज्याचे त्याने मोजावे.

कमिशनचा अध्यक्ष कोण होता?

या कमिशनच्या अध्यक्षपदी मॅडिसन ग्रँट होता. हे नाव आंबेडकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. झाडे, नद्या, वन्यप्राणी वाचवणारा माणूस म्हणून तो नावाजलेला. ब्रॉन्क्सचे प्राणिसंग्रहालय उभारणाऱ्या न्यूयॉर्क झूलॉजिकल सोसायटीचा तो प्रमुख पदाधिकारी. याच प्राणिसंग्रहालयात १९०६ च्या सप्टेंबरात काँगोच्या जंगलातून आणलेल्या ओटा बेंगा नावाच्या तरुणाला माकडांच्या घरात लोकांना पाहण्यासाठी ठेवले गेले. काळ्या धर्मगुरूंनी आवाज उठवला, तेव्हा ते थांबले. ओटा बेंगा पुन्हा आपल्या जंगलात पोचू शकला नाही. १९१६ च्या मार्चमध्ये त्याने स्वतःला संपवले.

त्याच १९१६ साली ग्रँटचे 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हे पुस्तक आले. उत्तर युरोपीय गोरा वंश श्रेष्ठ आहे, इतरांच्या मिसळण्याने तो बुडतो आहे, म्हणून दरवाजे बंद करा, असा त्याचा सूर. पुढे १९२४ चा अमेरिकेचा स्थलांतरबंदीचा कायदा घडवण्यात ग्रँटचा हात होता आणि नाझी जर्मनीत त्याचे पुस्तक डोक्यावर घेतले गेले. भारतातल्या जातीव्यवस्थेकडेही तो वंशाच्या चष्म्यातूनच पाहत होता: गोऱ्या विजेत्यांनी आपले रक्त शुद्ध ठेवण्यासाठी उभारलेले कुंपण म्हणून.

आणि आता तारीख पाहा. ९ मे १९१६. त्याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचत होते. त्यात त्यांनी युरोपीय अभ्यासकांना सुनावले की तुम्ही स्वतः रंगाच्या पूर्वग्रहात वाढलात, म्हणून जातीतही तुम्हाला रंगच दिसतो. जातीचे मूळ रक्तात शोधू नका. ते बंदिस्तपणात शोधा. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, आणि कोंडण्याचे साधन म्हणजे आंतरविवाह. एक गट आपले दार लावून घेतो, तेव्हा उरलेले आपोआप बाहेर राहतात. बाहेरच्यांना बाहेर ठेवायला वेगळा हुकूम काढावा लागत नाही.

बाबासाहेब आणि ग्रँट भेटले होते असा माझा दावा नाही. मुद्दा वेगळा आहे. एकाच वर्षी, एकाच शहरात, एक माणूस बंद दरवाजाचे तत्त्वज्ञान लिहीत होता आणि शहराला एक सुंदर, बंद रस्ता देत होता. दुसरा बंद दरवाजा चालतो कसा, त्याची यंत्रणा उलगडत होता. आपल्याला रस्ते वाचायचे असतील तर दुसऱ्याची पद्धत हातात घ्यायला हवी.

खलनायक शोधू नका, नियम शोधा

ही पद्धत किती उपयोगी आहे, ते पार्कवेच्याच पुढच्या इतिहासात दिसते. न्यूयॉर्कमध्ये १९२० च्या दशकापासून रॉबर्ट मोझेस या अधिकाऱ्याने लाँग आयलंडवर पार्कवेंचे जाळे विणले आणि १९२९ साली जोन्स बीच हा भव्य सार्वजनिक समुद्रकिनारा खुला केला. १९७४ साली रॉबर्ट कॅरो यांनी मोझेसचे चरित्र लिहिले. त्यात आरोप होता की मोझेसने पार्कवेवरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, म्हणजे बस खालून जाऊ नये आणि बसने येणारे गरीब आणि काळे लोक किनाऱ्यावर पोचू नयेत. १९८० साली लँग्डन विनर या अभ्यासकाने हेच उदाहरण घेऊन दाखवले की दगडविटांच्या वस्तूंनाही राजकारण असते. हे उदाहरण जगभर गाजले. आपल्याकडेही भाषणांत येते.

पण १९९९ साली बर्नवर्ड योर्गेस या जर्मन अभ्यासकाने त्यावर आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की पार्कवेवर बसना आणि ट्रकना कायद्यानेच बंदी होती, त्यामुळे पुलाच्या उंचीने काही ठरत नव्हते. आणि किनाऱ्याला जाणारे दुसरे रस्तेही होते. म्हणजे ठेंगण्या पुलाची गोष्ट वाटते तितकी पक्की नाही.

यावर आपले काही मित्र नाराज होतील. इतके चांगले उदाहरण हातून गेले! मला उलट वाटते. योर्गेसचा आक्षेप मान्य केला तर आरोप हलका होत नाही, जड होतो. पूल एका माणसाच्या मनातल्या द्वेषाची खूण ठरला असता. 'फक्त खासगी मोटारी' हा नियम मात्र सगळ्यांच्या संमतीने, सभ्य भाषेत, छापील कागदावर होता. त्यात कुठेही 'काळा' हा शब्द नव्हता. मोटार कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, एवढ्यावर काम भागत होते.

बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात मनूबद्दल हेच म्हटले आहे. एका स्मृतिकाराने एवढी मोठी व्यवस्था समाजावर लादली असे मानणे चुकीचे. मनूने होती त्या व्यवस्थेला शास्त्राचे रूप दिले. म्हणजे मनू निर्दोष झाला असे नाही. पण मनूला जाळून थांबलो तर यंत्रणा तशीच राहते. रस्त्याच्या बाबतीतही तसेच आहे. मोझेस दुष्ट होता का, यावर वाद घालण्यापेक्षा रस्त्याच्या नियमावलीत कोण बसत नाही ते पाहावे.

संविधानात रस्ता आहे

भारतात रस्त्यासाठी लढण्याची परंपरा आपली आहे. १९२४ च्या मार्चमध्ये त्रावणकोर संस्थानात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला, तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. तीन वर्षांनी महाडला लोक रांगेने रस्त्यावरून चवदार तळ्याकडे गेले. पाणी पिणे हा सत्याग्रह होता, तसे गावातून मिरवत जाणे हाही सत्याग्रहच होता.

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या शेजारी 'रस्ते' हा शब्द आला आहे. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी असलेल्या रस्त्यावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही. हा शब्द सहज आलेला नाही. त्यामागे वायकोम आहे, महाड आहे.

पण हा अनुच्छेद जातीची पाटी काढतो. वाहनाची पाटी तो काढत नाही. आणि नवा रस्ता वाहनाची पाटी लावतो.

आजचे आपले रस्ते बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी, पादचारी यांना बंदी. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर तीच बंदी. तिथे बसला परवानगी दिली, एवढे मान्य केले पाहिजे. सुरक्षिततेचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांत मोटरसायकलस्वाराचा जीव धोक्यात असतो. प्रश्न असा की शंभरचा वेग आधी ठरला आणि माणूस नंतर वजा झाला. माणूस आधी धरून वेग ठरवला असता तर?

झरीकडे

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यात झरी हे गाव आहे. २३ मे १९४५ रोजी, हे गाव ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते तेव्हा, इथे सुमारे पाच हजार वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद. तिथे ठरले: यापुढे जमीनदाराकडे वेठबिगार करायची नाही, मजुरी रोख आणि ठरलेली हवी. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. हे गवत मुंबईला जात होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंनी हा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला आहे.

आपल्यातला एखादा म्हणेल, हा तर लाल बावट्याचा इतिहास, आपला काय संबंध? संबंध आहे. हेच शामराव परुळेकर त्याआधी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध मुंबईत शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला, त्यात ते बाबासाहेबांबरोबर होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, मतभेद झाले, ते खरे. पण महार वतनाची राबणूक आणि वारल्यांची वेठ ही एकाच झाडाची फळे आहेत. साहेबाचे ओझे गावच्या सीमेपर्यंत वाहणारा आणि वाट दाखवणारा महार, आणि जमीनदाराचे गवत कापणारा वारली: दोघांनीही दुसऱ्यांच्या प्रवासासाठी अंग मोडले. वाट त्यांच्या कष्टाची होती, प्रवास त्यांचा नव्हता.

आज या पट्ट्यावरून काय काय जाते, ते मोजा. मनोर, चारोटी, तलासरी, आच्छाड असा जुना राष्ट्रीय महामार्ग आठ, म्हणजे आताचा ४८. त्याला समांतर दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. समुद्राच्या बाजूला ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाचे वाढवण बंदर, ज्याचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले, आणि बंदराकडे जाणारा नवा महामार्ग. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. तलासरी आणि डहाणू दोन्ही पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात.

या सगळ्या रेषा उत्तर-दक्षिण जातात. झरीच्या माणसाचा दिवस मात्र बहुतेक पूर्व-पश्चिम जातो: पाड्यावरून शेतात, शेतातून शाळेत, बाजाराला, दवाखान्याला, रेल्वे स्टेशनला. नकाशावर दोन रेषा एकमेकींना कापतात तिथे कुणीतरी थांबते. कोण थांबते, हे रचना ठरवते. ब्रॉन्क्सच्या काठी दगडी कमानी बांधल्या, त्या मोटारीला थांबावे लागू नये म्हणून. द्रुतगती मार्गावर राजस्थानात रणथंभोरच्या परिसरात वन्यप्राण्यांसाठी रस्त्यावरून हिरवे पूल बांधले आहेत, चांगलेच केले. मग शाळेत जाणाऱ्या मुलीला भुयारी मार्ग किती अंतरावर आहे, तो पावसाळ्यात पाण्याने भरतो का, रात्री त्यात दिवा असतो का, हे विचारणे जास्त होईल का?

सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एका नामवंत उद्योगपतीचा अपघातात मृत्यू झाला, तेव्हा त्या पुलाच्या रचनेवर देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. गाडीत बसलेल्याच्या जीवासाठी रचनेचा विचार होतो; रस्ता ओलांडणाऱ्याच्या जीवासाठीही तसाच व्हावा.

संमतीचा प्रश्न

जमिनीच्या बाबतीत कायदा काय सांगतो, तेही कार्यकर्त्याला पाठ हवे. पेसा कायदा १९९६ नुसार अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ मध्ये अशा क्षेत्रात पूर्वसंमतीची तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १०५ ने राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ ला बाजूला ठेवले. नंतर मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी महामार्गाच्या भूसंपादनालाही लागू झाल्या. संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र लागू झाला नाही. म्हणजे किंमत मिळेल, पण 'नाही' म्हणायचा हक्क मिळणार नाही. १९४५ साली झरीत नेमका हाच हक्क उच्चारला गेला होता: 'आम्ही करणार नाही.'

रस्ता हवाच, पण उघडा हवा

यावर ठरलेला आरोप येईल: तुम्ही विकासाच्या विरोधात आहात. आपण ठामपणे सांगावे की नाही. बाबासाहेबांनी खेड्याचे गुणगान कधी केले नाही. मजूरमंत्री असताना त्यांनी धरणे, वीज, जलमार्ग यांच्या योजनांना दिशा दिली. दलित-आदिवासी तरुणासाठी रस्ता म्हणजे गावकीच्या पकडीतून बाहेर पडण्याची वाट आहे. रस्ता आपल्याला इतरांपेक्षा जास्त हवा आहे. म्हणूनच तो बंद नको.

आणि रचना बदलता येते. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी सागरी मार्गाच्या पुलाखाली आपल्या होड्यांना पुरेशी वाट नाही म्हणून काम अडवून धरले. ६० मीटरचे अंतर शेवटी १२० मीटर करावे लागले. ज्या ब्रॉन्क्स रिव्हर पार्कवेवर फक्त मोटारींचे राज्य होते, तिथेही १९७० च्या दशकापासून काही महिन्यांच्या रविवारी काही तास मोटारी थांबवून रस्त्याचा एक भाग सायकली आणि चालणाऱ्यांसाठी मोकळा करतात. जगप्रसिद्ध बंद रस्ता उघडू शकतो, तर आपलाही उघडू शकतो.

म्हणून पालघरच्या आणि इतर जिल्ह्यांच्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे. रस्त्याचे भूमिपूजन झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा आराखडा आला तेव्हाच तो ग्रामसभेत भिंतीवर लावा. त्यावर आपली शाळा, विहीर, स्मशान, बाजार, बुद्धविहार, देवाची जागा खुणेने दाखवा. मग चार प्रश्न लेखी विचारा. आमच्या दारातून या रस्त्यावर चढता येईल का? एसटी इथे थांबेल का? पायी ओलांडायची जागा किती पावलांवर आहे? दुचाकी चालणार नसेल तर तिच्यासाठी शेजारचा रस्ता त्याच दिवशी तयार असेल का? तलासरीच्या पाड्यात दारात कार किती आणि मोटरसायकली किती, तेही मोजून जोडा. उत्तर लेखी मागा, आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवा.

सौंदर्याला आपला विरोध नाही. स्वच्छ नदी, झाडांची सावली, वळणदार वाट आपल्यालाही आवडते. फक्त ती गाडीच्या काचेतून दिसणारी नको. जिच्या सावलीत झरीची म्हातारी डोक्यावरची मोळी उतरवून घटकाभर बसू शकेल, अशी हवी.

जय भीम! जय जोहार!